हेल्मेट तपासता, मग खुंटी कुठंय?

कलम १२९ फक्त डोक्यापुरतं बोलतं. बरोबरच आहे, डोकं आधी. पण रोज ३० किलोमीटर गाडी मारून तालुक्याला येणारे क्लार्क, शिक्षिका इस्त्रीच्या कपड्यांवर काय घालतात? पातळ विंडचीटर. तो वारा अडवतो, डांबर नाही. खडीवर घसरलो तेव्हा माझा कोपर सोलून निघालाय (डोकं शाबूत, हेल्मेट होतं).

पॅडवालं जाळीचं जॅकेट घ्या मंडळी. दुकानात शर्टावरूनच घालून बघा, हात वाकवा. कोपराचं पॅड सरकलं तर ते माप आपलं नाही. पायात बूट.

आणि साहेब, गेटवर हेल्मेट जरूर तपासा. पण जॅकेट आत टांगायचं कुठं? तुमच्या गाडीला शेड आहे. आमच्यासाठी भिंतीला चार खुंट्या ठोका, या महिन्यातच!