चालू गोष्टी : हेतु न सांपडलेलें हत्याकांड

अमेरिकेंत लास व्हेगास शहरीं १ ऑक्टोबर २०१७ च्या रात्रीं जें हत्याकांड झालें, त्याचें वृत्त वाचकांच्या स्मरणांत असेलच. मांडले बे नांवाच्या हॉटेलच्या ३२ व्या मजल्यावरून एका ६४ वर्षांच्या इसमानें समोरच्या मैदानांत जलशास जमलेल्या सुमारें २२,००० लोकांवर दहा मिनिटें गोळ्यांचा वर्षाव केला. हजारांवर गोळ्या सुटल्या. ५८ माणसें प्राणांस मुकलीं. पुढें दोन जखमी दगावल्यामुळें तो आंकडा ६० वर गेला. पोलीस खोलींत शिरण्यापूर्वींच मारेकऱ्यानें स्वतःस संपविलें होतें.

गुन्हेगार कोण हें लगेच कळलें. कळलें नाहीं तें एवढेंच, कीं त्यानें हें केलें कां? पत्र नाहीं, जाहीरनामा नाहीं, कोणत्या पक्षाशीं वा पंथाशीं संबंध सिद्ध झाला नाहीं. शेजारच्या घरीं मोडलेल्या सोयरिकीचें कारण जसें दहा ओसऱ्यांवर दहा प्रकारें ठरतें, तसेंच तेथेंही झालें; फरक इतकाच, कीं ही ओसरी जगाएवढी होती.

या तर्कांस सर्वस्वीं मूर्खपणा म्हणणें मात्र न्यायाचें होणार नाहीं. हॉटेलच्या पहारेकऱ्यास गोळी केव्हां लागली, ती वेळ पोलिसांनीं थोड्या दिवसांत दोनदां बदलली : प्रथम जलशावरील गोळीबार झाल्यावर, मग त्याच्या सहा मिनिटें आधीं, मग जवळजवळ त्याच वेळीं. अधिकारीच असे अडखळूं लागले, तर सामान्यांनीं संशय घेऊं नये काय? गोळीबार दोन ठिकाणांहून झाल्यासारखा वाटला, असें सांगणारेही खोटें बोलत नव्हते. उंच इमारतींवरून प्रतिध्वनि उठत होते, आणि मारेकऱ्यानें जोडखोल्यांच्या दोन खिडक्या फोडल्या होत्या. दुसरा मारेकरी नव्हता असें पोलिसांनीं सांगितलें, तरी त्याची कथा चालूच राहिली.

चीड येते ती पुढच्या पायरीची. पहिल्या कांहीं तासांतच इंटरनेटवरील हौशी शोधकांनीं एका भलत्याच निरपराध माणसाचें नांव मारेकरी म्हणून पुकारलें, आणि गूगलच्या बातम्यांतही तें कांहीं काळ वर झळकलें. त्या गृहस्थाच्या घरच्यांचे ते तास कसे गेले असतील! मृत्यूच्या दारांतून परतलेल्या कित्येकांस तर 'तुम्ही नट आहां, हें सारें नाटक होतें' असे संदेश आले. वेळ विचारणें हा नागरिकाचा हक्क आहे. जखमीस सोंगाड्या म्हणणें यांत कसला शोध?

स्थानिक पोलिसांनीं ऑगस्ट २०१८ मध्यें तपास मिटविला. जानेवारी २०१९ मध्यें एफ.बी.आय.च्या तज्ज्ञांनीं निष्कर्ष दिला, कीं एकच असा स्पष्ट हेतु आढळत नाहीं. उतारवय, ढासळती प्रकृति, मरणाची इच्छा आणि कुप्रसिद्धीची हांव हीं सारीं एकत्र आलीं असावींत. प्रसिद्ध झालेला तो सारांश तीन पानांचा होता. मृतांच्या आप्तांच्या हातीं तेवढींच पडलीं.