झाकली मूठ

खंडेनवमीला आमच्या घरी शस्त्रे म्हणून जी काही पुजली जातात ती म्हणजे विळी, अडकित्ता, कात्री आणि माझे शाईचे पेन. अडकित्त्याने सुपारीखेरीज कोणाचा शिरच्छेद केल्याचे ऐकिवात नाही, आणि माझ्या पेनाने घायाळ झालेले विद्यार्थी पुढच्या परीक्षेला पुन्हा उभे राहतात. आम्हा रामदासपेठेतल्या चाकरमान्यांचे शस्त्रागार ते एवढेच. त्यामुळे शेजारच्या डॉक्टरांनी रिव्हॉल्वरच्या परवान्यासाठी अर्ज केला आहे, ही बातमी आली तेव्हा आमच्या गल्लीत दोन दिवस दुसरा विषय नव्हता.

आमची रामदासपेठ एके काळी बंगल्यांची आणि झाडांची. आता ती इस्पितळांची झाली आहे. विदर्भातल्या खेड्यापाड्यांतून माणसे रोगी घेऊन इथे येतात, फुटपाथवर डबे उघडून बसतात आणि वर काचेमागे आपल्या माणसाचे काय चालले आहे याची वाट पाहतात. यंदाच्या उन्हाळ्यात डॉक्टरांच्या इस्पितळात एक तरुण रोगी दगावला. नातेवाइकांनी काचा फोडल्या, आणि पुढे महिनाभर रात्री-बेरात्री धमक्यांचे फोन येत राहिले. डॉक्टरांवर हात उचलणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपर्यंत दंड असा महाराष्ट्राचा 2010 चा कायदा आहे. पण कायदा येतो तो सकाळी, आणि फोन येतात ते रात्री.

मला ते म्हणाले, "सर, तुमच्याकडे नापास झालेला पोरगा फार तर रडतो. माझ्याकडे नापास झालेला परत येत नाही, त्याचे भाऊ येतात."

यावर मी काय बोलणार?

परवाना हा शब्द फारसी. त्या भाषेत परवाना म्हणजे हुकूमनामा, आणि परवाना म्हणजे दिव्यावर झडप घालणारा पतंगही. आपल्याकडे हुकूमनामा तेवढा आला. पतंग उर्दू शायरांकडे राहिला. तर हा हुकूमनामा मिळवायचा कसा? शहरात अर्ज पोलीस आयुक्तांकडे, ग्रामीण भागात जिल्हाधिकाऱ्यांकडे. सोबत ओळखीचे पुरावे, शरीर आणि मन धड असल्याचा दाखला (तो देणारा पुन्हा डॉक्टरच!), शस्त्र हाताळण्याचे शिक्षण घेतल्याचे प्रमाणपत्र, आणि ते घरी सुरक्षित ठेवीन अशी हमी. मग हद्दीतल्या पोलीस ठाण्याची चौकशी. परवाना नाकारला तर कारण लेखी नोंदवायचे आणि वर अपील करता येते. मिळाला तर त्यावर शस्त्राचा प्रकार, काडतुसांची संख्या आणि ते कोणत्या हद्दीत नेता येईल हे सारे लिहिलेले असते. पूर्वी एका माणसाला तीन बंदुका बाळगता येत. 2019 च्या दुरुस्तीने त्या दोनवर आणल्या आणि परवान्याची मुदत तीनाची पाच वर्षे केली. लग्नाच्या वरातीत आनंदाच्या भरात बार काढणाऱ्यांसाठी त्याच दुरुस्तीने दोन वर्षांपर्यंतच्या कैदेची सोय केली, हेही जाता जाता सांगून ठेवतो. दिवस लग्नसराईचे येत आहेत.

मला गंमत वाटली ती निराळ्याच कलमाची. अमेरिकेच्या कित्येक राज्यांत शस्त्र उघडे बाळगणे आणि कपड्याखाली झाकून बाळगणे हे दोन वेगळे प्रकार मानतात. झाकून बाळगायचे तर निराळा परवाना, अशी तिथली जुनी वहिवाट. अलीकडे बऱ्याच राज्यांनी तीही अट काढून टाकली. आपल्याकडे सगळेच उलटे. झाकून नेण्याचा वेगळा परवाना इथे नाहीच, कारण 2016 चे नियम सांगतात की सार्वजनिक जागी पिस्तूल न्यायचे ते म्यानात, अंगाला बांधून आणि पूर्ण झाकूनच. दाखवायचे नाही, परजायचे नाही.

आता आपल्या भागातला माणूस परवाना काढतो तो कशासाठी? मी तरी असे रिव्हॉल्वर पाहिलेले नाही की जे सदऱ्याखाली असूनही चारचौघांना ठाऊक नव्हते. खुर्चीवर बसताना सदरा जरा जास्तच वर सरकतो. पानठेल्यावर पैसे काढताना हात उगाच कमरेच्या दुसऱ्या बाजूला जातो. हिवाळी अधिवेशन भरले की आमच्या वर्धा रोडवर असे सदरे पुष्कळ दिसतात. मूठ झाकलेली राहिली तर सव्वा लाखाची, हे आमच्या भाषेने केव्हाच सांगून ठेवले. पण सव्वा लाख खर्चून ती झाकूनच ठेवायची, हे कोणाला झेपावे! जुन्या माणसांची गुप्ती यापेक्षा प्रामाणिक होती. दिसायला काठी, आत पाते, नावातच गुप्तपणा. सरकारनेही तिला 1962 च्या नियमांत तलवारी-भाल्यांच्या पंगतीला बसवले होते.

आणि ज्या नागपुरात हे चालते, त्याच नागपुरात 1927 साली लोक शस्त्रे मुद्दाम दिसावीत म्हणून रस्त्यावर आले होते. लॉर्ड लिटनच्या राजवटीत 1878 साली शस्त्रांचा कायदा झाला, तेव्हा हिंदी माणसाला परवान्याची सक्ती आणि युरोपियनाला सूट असा भेद होता. तो भेद पुढे कागदावरून गेला, तरी सल राहिला. नागपूरचे पारशी गृहस्थ मंचरशा आवारी यांनी बंगालमधल्या विनाचौकशी डांबलेल्या राजबंद्यांच्या सुटकेसाठी हाच कायदा मोडायचे ठरवले. अनुयायी घेऊन, तलवारी हाती धरून ते निघाले. लोक त्यांना जनरल आवारी म्हणू लागले. गांधीजींना हातात शस्त्र घेऊन केलेला सत्याग्रह पटला नाही. आवारी तुरुंगात गेले. त्या तलवारींनी कोणाला मारायचे नव्हते. सरकारला त्या दिसायला हव्या होत्या, एवढेच.

1931 च्या कराची काँग्रेसने मूलभूत हक्कांच्या ठरावात शस्त्र बाळगण्याचा हक्कही घातला, अर्थात नियमांच्या अधीन. म्हणून डिसेंबर 1948 मध्ये आमच्या मध्यप्रांत-वऱ्हाडचे सभासद ह. वि. कामत यांनी घटना समितीत तो हक्क घटनेत घालण्याची दुरुस्ती मांडली. बाबासाहेब आंबेडकरांनी ती मान्य केली नाही. वाटेल त्याने बाजारात जाऊन वाटेल ते हत्यार घ्यावे, असे झाल्यावर राज्य चालायचे कसे, असा त्यांचा रोख होता. आणि स्वतंत्र देशात शस्त्र धरण्याच्या हक्कापेक्षा ते धरण्याच्या कर्तव्यावर भर हवा, असे ते म्हणाले. म्हणूनच आमच्या डॉक्टरांना आज हक्क सांगता येत नाही. अर्ज करावा लागतो आणि कारण द्यावे लागते. मला हे योग्य वाटते. डॉक्टरांना वाटत नाही. चहाच्या कपावर आमचे यावरून दोनदा वाजले आहे.

पण वाद घालणे वेगळे आणि पोलीस दारात आल्यावर उत्तर देणे वेगळे. चौकशीसाठी हवालदार आले ते थेट माझ्याकडे. वयस्क गृहस्थ, भंडाऱ्याकडचे. पाणी प्याले, वही मांडीवर घेतली.

"सर, तुमी शिकले-सवरलेले. डॉक्टरसायबाचं कोनाशी भांडन-तंटा?"

"नाही."

"पेनं-खानं?"

"नाही."

"मंग सांगा, मानूस तापट हाय का?"

सगळ्या कागदांच्या भेंडोळ्यात खरा प्रश्न मला हा एकच दिसला, आणि तो विचारणाऱ्याच्या वहीत त्यासाठी रकानाही नव्हता. मी सांगितले की डॉक्टर सज्जन आहेत, गरिबाचे पैसे सोडतात, आवाजही चढवत नाहीत. पण उन्हाळ्यातल्या त्या रात्रीपासून त्यांना झोप नाही. फाटक वाजले की दचकून उठतात. दूधवाल्या पोरावर परवा कुंडी उचलली होती.

हवालदारांनी पेन थांबवले. "लिहू का हे?"

"लिहा," मी म्हणालो.

संध्याकाळी जाऊन डॉक्टरांना मी सारे सांगून टाकले. दुसऱ्याकडून कळण्यापेक्षा ते बरे. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "झोप येत नाही म्हणूनच तर पाहिजे, सर. उशाशी असलं तर येईल."

अर्ज अजून आयुक्तालयात आहे. इस्पितळात मात्र नातेवाइकांशी दिवसातून दोनदा बसून बोलण्यासाठी एक बाई नेमल्या आहेत, आणि फाटकावर रात्रीचा माणूस ठेवला आहे. वहिनींनी कपाट पाहून ठेवले आहे, लोखंडी, भिंतीत बसवायचे. परवाना आला तर येऊ दे, त्या म्हणतात, पण किल्ली माझ्याजवळ राहील. आणि रात्री मागितली तर मी आधी दिवा लावीन, तोंडाकडे पाहीन, आणि मग ठरवीन.