शिक्का सोसायटीचा, सही कुणाचीही!

गेल्या महिन्यात इचलकरंजीहून मामांचा फोन आला. आवाज बसलेला. "अरे, मी कुणाला मेल पाठवलाच नाही. मग माझ्या नावानं गेला कसा?"

मामा यंत्रमागाचे सुटे भाग बनवतात. मालेगावच्या त्यांच्या एका जुन्या गिऱ्हाइकाला मामांच्याच पत्त्यावरून मेल गेला होता: आमचं बँक खातं बदललंय, यापुढे पैसे या नव्या खात्यात भरा. त्या बिचाऱ्याने १,८०,००० रुपये भरले. पैसे गेले ते गेलेच, वर बावीस वर्षांच्या व्यवहारात मामांना पहिल्यांदाच ऐकून घ्यावं लागलं, "शेठ, मेल तर तुमचाच आहे."

मला वाटलं, पासवर्ड चोरीला गेला असणार. मेलचे हेडर मागवून घेतले आणि बघतो तर काय! पासवर्डचा संबंधच नव्हता. मेल निघाला होता मामांच्याच होस्टिंग कंपनीच्या सर्व्हरवरून, पण स्क्रिप्ट होती भलत्याच एका साइटची. त्याच सर्व्हरवरच्या कुणाची तरी साइट हॅक झालेली. तिथे बसून चोराने प्रेषक म्हणून मामांचा पत्ता लिहिला आणि सर्व्हरने मुकाट्याने मेल पुढे ढकलला. समोरच्या सर्व्हरने वर शेराही मारला: 'एसपीएफ पास'.

हे कसं काय? थोडा इतिहास सांगतो, कंटाळू नका. मेल ज्या एसएमटीपीवर चालते त्याचा आरएफसी ८२१ हा दस्तऐवज ऑगस्ट १९८२ चा. प्रेषक खरा की खोटा हे तपासायची सोयच त्यात नव्हती. पाकिटावर कुणाचंही नाव लिहा, चालतंय! पुढे ठिगळं लागली. एसपीएफ सांगतं की या डोमेनचे मेल कुठल्या सर्व्हरवरून येऊ शकतात. डीकिम मेलवर डिजिटल सही करतं. आणि २०१२ साली आलेलं डीमार्क बघतं की प्रेषक म्हणून दिसणारं डोमेन आणि तपासलेलं डोमेन एकच आहे ना, नसेल तर मेलचं काय करायचं.

आता गोची बघा. स्वस्तातल्या होस्टिंगमध्ये शेकडो गिऱ्हाइकं एकाच सर्व्हरवर. सगळ्यांच्या एसपीएफमध्ये तोच सर्व्हर. सहीची किल्लीही बहुतेक वेळा सर्व्हरकडेच. म्हणजे सोसायटीचा एकच शिक्का, आणि तो गेटवर सुतळीने बांधून ठेवलाय. आतला कुणीही कुणाच्याही नावाने मारू शकतो! त्यामुळे लॉगिन केलेला माणूस ज्या डोमेनच्या नावाने मेल पाठवतोय ते त्याचंच आहे का, हे होस्टिंगवाल्यानेच पाठवण्याआधी तपासायला हवं. जगात दुसरं कुणीही हे तपासू शकत नाही, कारण बाहेरून सगळं 'पास'च दिसतं.

ही काही माझी कल्पना नाही. जुलै २०२४ मध्ये अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या सर्ट समन्वय केंद्राने नेमक्या याच दोषाबद्दल जाहीर इशारा दिला होता. तरी आमचे सपोर्टवाले काय म्हणाले असतील? "सर, तुमचा एसपीएफ पास आहे, आमच्याकडून काही प्रॉब्लेम नाही." अरे बाबा, चोराचा मेल पास झाला हीच तर तक्रार आहे!

दुसरं उत्तर ठरलेलं: "कडक केलं तर लोकांचे कॉन्टॅक्ट फॉर्म बंद पडतील." पडू देत की. फॉर्मचा मेल साइटच्या स्वतःच्या पत्त्यावरून पाठवायचा आणि भेट देणाऱ्याचा पत्ता रिप्लाय-टू मध्ये टाकायचा. काम पाच मिनिटांचं. त्यासाठी सगळ्या बिल्डिंगचं दार उघडं ठेवायचं?

गूगल आणि याहू यांनी फेब्रुवारी २०२४ पासून दणका दिला हे खरं. पण डीमार्कची सक्ती घाऊक मेल पाठवणाऱ्यांना. गूगलच्या हिशेबात दिवसाला ५,००० च्या वर. मामा दिवसाला पाठवतात दहा. म्हणजे ज्याच्याकडे सिस्टिम ॲडमिन नाही, त्यालाच वाली नाही. डोमेन विकतानाच तिन्ही गोष्टी लावून द्यायला काय जातं? कारच्या ब्रेकचे कुणी वेगळे पैसे मागतं का?

आणि आपण आयटीवाले तरी कुठले धुतल्या तांदळाचे? कंपनीच्या डोमेनवर डीमार्क 'नन' ठेवून वर्षानुवर्षं झोपा काढतो. म्हणजे वॉचमन ठेवायचा आणि सांगायचं, चोर आला तर फक्त वहीत नोंद कर. रिपोर्ट वाचा, आपलेच राहिलेले सर्व्हर नीट करा, मग आधी 'क्वारंटाइन', नंतर 'रिजेक्ट'.

एवढं करून फसवणूक थांबेल? नाही. एखादं अक्षर बदलून मिळतंजुळतं डोमेन घेणारा चोर यात सापडत नाही. पण माझ्याच नावाने माझ्याच गिऱ्हाइकाला लुटणारा तरी अडेल.

या वीकेंडला एक काम करा. घरच्या, नात्यातल्या एका छोट्या धंद्याचं डोमेन तपासा आणि होस्टिंगवाल्याला लेखी विचारा: तुमच्या सर्व्हरवरचा दुसरा माणूस माझ्या नावाने मेल पाठवू शकतो का? उत्तर गोलमोल आलं तर सरळ बाडबिस्तरा हलवा. मामांचा मी हलवलाय.

मामांनी मात्र त्यांचा उपाय केलाच. बिलाच्या खाली आता ठळक छापलंय: खातं बदलल्याचा मेल आल्यास आधी फोन करावा.