माळा रिकामा, डोंगर काळा

ज्वारी हुरड्यात आली की आमच्या बीडकडचा शेतकरी चार मेढी रोवून माळा उभारायचा आणि गोफण घेऊन त्यावर बसायचा. पेरणे हे अर्धे काम, राखणे हे उरलेले अर्धे, हे त्याला कुणी शिकवावे लागले नाही. जंगलाच्या बाबतीत मात्र हे शहाणपण आपण गुंडाळून ठेवले आहे.

अमेरिकेत १९१० साली आयडाहो आणि मोंटाना भागात सुमारे ३० लाख एकर जंगल जळाले. त्यानंतर तिथल्या वनखात्याने डोंगरमाथ्यांवर टेहळणीचे मनोरे उभारले. १९३० च्या दशकात त्यांची संख्या हजारांवर गेली. पुष्कळसे लाकडीच होते. धूर दिसला की वरचा माणूस दिशा मोजून खाली फोन करी. पुढे विमाने आली, उपग्रह आले आणि बहुतेक मनोरे ओस पडले.

आपल्याकडेही भारतीय वन सर्वेक्षण संस्था २००४ पासून उपग्रहाने टिपलेल्या आगींची सूचना राज्यांना देते. सोय चांगलीच आहे. पण हे उपग्रह ठरावीक वेळीच डोक्यावरून जातात आणि बालाघाटच्या उतारावरचे वाळलेले कुसळी गवत त्यांची वाट पाहत थांबत नाही.

पाटोदा तालुक्यातले नायगाव मयूर अभयारण्य १९९४ साली घोषित झाले. १०,६९३ चौरस किलोमीटरच्या जिल्ह्यात ते जेमतेम ३० चौरस किलोमीटरचे! वणव्याचे दिवस फेब्रुवारीत सुरू होतात, तेव्हा गावोगावची धडधाकट माणसे ऊसतोडीला गेलेली असतात. विझवायला धावणार कोण?

राज्याने २०१९ साली ३३ कोटी झाडे लावण्याचा संकल्प सोडला. माझी नोकरी बँकेत झाली. कर्जवाटपाचे आकडे वर्तमानपत्रात झळकतात. कर्जाची म्हैस गोठ्यात आहे का, हे पाहून येणाऱ्याचे नाव कुठे छापून येत नाही. बँक तगते ती मात्र त्याच्यामुळे.

म्हणून डोंगराकडेच्या प्रत्येक गावात फेब्रुवारी ते मे रोजंदारीवर एक राखणदार नेमावा. त्याला एक माळा आणि एक मोबाइल द्यावा. ऊसतोडीला जाणे न झेपणारा साठीचा माणूसही हे काम करील. वणवा लहान असताना दोघे जण ओल्या डहाळ्यांनी झोडपून तो विझवू शकतात. पसरल्यावर चाळीस माणसेही अपुरी पडतात. लागवडीच्या खर्चात राखणीची ही मजुरी धरली नाही, तर तो हिशेब अपुराच म्हणावा लागेल.