नोंद आजन्म हवी
कार-टी उपचार (रुग्णाच्याच टी-पेशींत नवा जनुक घालून कर्करोगाशी लढण्याची पद्धत) घेतलेल्या प्रत्येक रुग्णाची आजन्म नोंद कायद्याने बंधनकारक व्हावी, असे आमचे मत आहे. आयआयटी मुंबई आणि टाटा स्मारकच्या देशी उपचाराचे स्वागतच. पण विषाणूवाहकाने नेलेला जनुक पेशीच्या डीएनएत नेमका कुठे रुजेल, हे डॉक्टरांच्या हाती नसते.

पॅरिसमध्ये जन्मजात प्रतिकारशक्ती नसलेल्या मुलांवरील जनुकोपचारात असा जनुक कर्करोगाला चालना देऊ शकणाऱ्या एलएमओ२ या जनुकाजवळ रुजला आणि बऱ्या झालेल्या काही मुलांना पुढे रक्ताचा कर्करोग झाला. तेव्हाचा वाहक वेगळा होता. आज धोका कमी आहे, शून्य नाही. अमेरिकी औषध प्रशासनाने २०२४ मध्ये कार-टी औषधांवर या धोक्याचा ठळक इशारा छापायला लावला. आपल्याकडे रुग्ण गावी परतला की पाठपुरावा सुटतो.

केंद्रीय औषध नियंत्रकांनी राष्ट्रीय नोंदवही तातडीने सुरू करावी. तिचा खर्च रुग्णाच्या बिलात येता कामा नये.