सावरीखाली दोन तास

मैत्रिणींनो, आफ्रिकेतल्या जंगल-सहलींचे फोटो हल्ली घरोघरी पाहायला मिळतात. कुणाचा दीर केनियाला जाऊन येतो, कुणाची भाची टांझानियाला. जीपमध्ये बसायचं, थर्मासमधला चहा प्यायचा आणि सिंहाचं कुटुंब समोरून जाताना पाहायचं! हेवा वाटतो हे खरं. पण तिथे मैलोगणती उघडं गवत, म्हणून जनावर सहज दिसतं. आपल्या बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात झाडी दाट. इथे आधी ऐकायचं आणि मग पाहायचं.

तुम्ही म्हणाल, "अहो, मुलांना घेऊन दहादा गेलोय तिथे!" मुलांना घेऊन गेलात, तेच तर सांगतेय. भूक, तहान, रुसवे यांतच दिवस संपतो. एकदा चार-पाच जणीच जा. रविवारच्या गर्दीत काही दिसायचं नाही. मधला वार धरा, फक्त सोमवार सोडून, कारण त्या दिवशी उद्यान बंद असतं. आदल्या रात्री दशम्या आणि लसणीची चटणी करून ठेवा. घरच्यांनाही त्या दिवशी तेच!

महिना फेब्रुवारीचा बरा. काटेसावर, पळस, पांगारा तेव्हा फुललेले असतात. पायपीट करू नका. रस्त्याकडेची एक फुललेली सावर हेरा आणि तिच्यापासून जरा लांब सतरंजी पसरून बसा. मधासाठी सारी पाखरं तिथेच येतात: शिंजीर, बुलबुल, मैना, हळद्या आणि शेपटीची दोन लांब पिसं मिरवणारा भृंगराज. त्याचा भाऊबंद कोतवाल पक्का भांडखोर, दुसऱ्याला फांदीवर टिकू देत नाही. प्रत्येक सोसायटीत असं एक माणूस असतंच, नाही का? झाडावर वानरं असली तर आणखी बरं. खाणं सांडण्यात त्यांचा हात कोणी धरणार नाही, आणि ती सांडलेली फुलं खायला खाली चितळं येतात.

कपडे मातकट किंवा मळखाऊ हिरवे, पायांत बूट. अत्तर नको. काचेच्या बांगड्यांवर रुमाल बांधा, म्हणजे किणकिणणार नाहीत. सगळ्यांत अवघड काम म्हणजे अर्धा तास गप्प बसणं! सुनेच्या, सासूच्या, बाईच्या गोष्टी परतीच्या गाडीत.

शांत बसलात तर जंगलाची बातमी कानावर येते. वानर मध्येच खोकल्यासारखं ओरडलं आणि पाठोपाठ चितळाची तीक्ष्ण साद आली, तर बिबट्या जवळपास असण्याचा संभव. तो तुम्हाला दिसेलच असं नाही. दिवसाउजेडी तो माणसाला टाळतो. एकत्र राहा, पळू नका, एवढं पुरे.

बिबट्याचा विषय निघालाच आहे तर थोडं स्पष्ट बोलते. शंभर चौरस किलोमीटरहून थोडं मोठं हे जंगल, चहूकडे आपल्या इमारती. अलीकडच्या कॅमेऱ्यांच्या मोजणीत इथे आणि लगतच्या आरेत मिळून पन्नासच्या आसपास बिबटे आढळले. २००४ साली जंगलाच्या कडेला हल्ले होऊन कित्येक माणसं दगावली, त्यांत लहान मुलंही होती. उघड्या कचऱ्यावर कुत्री पोसली जातात आणि कुत्र्यांच्या मागे बिबट्या येतो. तेव्हा बोरिवली, मुलुंड, आरेच्या कडेला राहणाऱ्या बायकांनो, संध्याकाळी ओला कचरा बाहेर ठेवू नका आणि तिन्हीसांजेनंतर मुलांना एकटं खेळायला सोडू नका. सोसायटीच्या मीटिंगमध्ये पुरुष पार्किंगवर तासभर भांडतात. तुम्ही उठून झाकणाच्या पिंपाचं बोला. इथले वारली लोक वाघोबाला देव मानून पिढ्यान्‌पिढ्या त्याच्या शेजारी राहिले आहेत. आपल्याला निदान पिंपावर झाकण ठेवता यावं!

माकडांना वेफर्स घालू नका, कितीही लाडिक तोंड केलं तरी. हातातली पिशवी हिसकायला ती त्यातूनच शिकतात. रिकामी पाकिटं पर्समधून परत आणा.

सावरीचा बहर चुकला तरी हळहळू नका. शिलोंड्याच्या वाटेवर जायचं तर वनखात्याची परवानगी आधी काढा. कान्हेरीच्या लेण्यांतली दगडात कोरलेली पाण्याची टाकी पाहा; पावसाचं पाणी साठवण्याची ती जुनी सोय पाहून आपल्या गच्चीवरच्या टाकीची लाज वाटेल. आणि कारवी तर आठ वर्षांनी एकदाच फुलते. २०२४ च्या पावसाळ्यात फुलली होती, आता २०३२ साली. तेव्हा तिसरीतली मुलगी कॉलेजात जाऊ लागलेली असेल. तिलाही न्या, आता ती "आई, भूक" म्हणणार नाही.