सही जुळते म्हणता, मग दाखवा की!

आमच्या महागाव तालुक्यात जमिनीचं भांडण बऱ्याचदा एका कागदावर येऊन अडतं. इसारपावती, नाहीतर खरेदीखत. शेतकरी म्हणतो, "ही सही माझी नाही." कागद हस्ताक्षरतज्ज्ञाकडे जातो आणि अहवाल येतो: दोन्ही सह्या एकाच हातच्या. सोबत फोटो? मी पाहिलेल्या कागदांत बहुधा झेरॉक्सची झेरॉक्स. काळे डाग आणि त्यावर बाण. बाण कशाकडे बोट दाखवतोय, देव जाणे!

माझं म्हणणं सरळ आहे. ज्या अहवालासोबत धड तुलनेचा तक्ता नाही, त्याची किंमत शून्य धरावी.

तज्ज्ञाच्या मताला दुजोरा लागतोच असं नाही, हे १९८० च्या मुरारीलाल निकालातलं वाक्य वकीलमंडळी जोरात सांगतात. पण तज्ज्ञानं आपलं मत ताडून पाहता येईल असे निकष न्यायाधीशापुढे ठेवावेत, हेही सर्वोच्च न्यायालयानं त्याच निकालात सांगितलंय. ते पान कुणी उलटत नाही.

निकष म्हणजे काय? मूळ कागदाचेच फोटो, शेजारी मोजपट्टी, दोन्ही सह्या सारख्याच पटीत मोठ्या केलेल्या. मग अक्षर अक्षरासमोर: शिरोरेघ कुठे तुटते, वेलांटी कुठून वळते, पेन कुठे उचललं. कबूल सह्या त्याच काळातल्या आणि चार-सहा तरी हव्यात, कारण कुणाचीही सही दोनदा तंतोतंत सारखी येत नाही (आलीच तर ती गिरवलेली असण्याचा संशय घ्यावा). आणि मुख्य म्हणजे फरकही दाखवा. जुळणारी तीन अक्षरं निवडून न जुळणारी पाच गाळायची, ही चलाखी झाली.

"साहेब स्वतः बघतील की!" असं काहीजण म्हणतात. जुन्या कायद्याचं कलम ७३, आताच्या भारतीय साक्ष्य अधिनियमाचं ७२, ती मुभा देतं खरं. पण न्यायाधीशानं एकट्यानं असा निष्कर्ष काढणं धोक्याचं, असं १९७८ सालीच पालीराम प्रकरणात सांगून झालंय.

नुसत्या देखण्या तक्त्यालाही भुलू नका. फ्रान्समध्ये ड्रायफसविरुद्ध बर्तियाँनं अशाच गुंतागुंतीच्या आकृत्या मांडल्या होत्या. त्यातलं गणित खोटं आहे हे प्वांकारेसारख्या गणितज्ञांनी १९०४ साली दाखवलं, तोवर तो बिचारा डेव्हिल्स बेटावर चार वर्षं काढून आला होता. म्हणून तक्ता समोरच्या पक्षाला आधी द्या. उलटतपासणीच्या दिवशी सकाळी हातात कोंबलेला तक्ता शेतकऱ्याच्या वकिलानं बघायचा कधी आणि विचारायचं काय?